दाजीच्या पाच कांड्या

मी नायट्रोजनचा कॅन बोलतोय. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी मोटरसायकलच्या मागे बांधून नेतात ना, बसक्या पोटाचा, बारीक मानेचा, ॲल्युमिनियमचा, तोच मी. आणि आधीच शपथेवर सांगून ठेवतो, पुढे जे येणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. शपथ गळ्याला हात लावून घेतात. माझ्या दोन्ही कड्या गळ्यालाच जोडलेल्या आहेत, त्यामुळे माझी शपथ जन्मापासून चालूच आहे.

माझा जन्म भर पावसात झाला. म्हणजे पाऊस नव्हता, कारखान्याच्या पत्र्यावर कुणीतरी पाणी मारत होतं. पण आवाज तोच. एकात एक अशी दोन भांडी बसवली आणि मधली हवा पंप लावून ओढून काढली. तीन दिवस ओढत होते. मधे काहीही उरलं नाही तेव्हा तपासनीस बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "झाला तयार." बाकीची भांडी भरल्यावर कामाची होतात. मी रिकामा केल्यावर झालो. दोन भिंतींमधलं ते काहीच नसणं, एवढीच माझी मिळकत. बाहेरचं ऊन त्या पोकळीपाशी येतं, पुढे वाट सापडत नाही म्हणून परत जातं.

तिथून मी जनावरांच्या एका दवाखान्यात आलो, डॉक्टरांच्या हाताखाली. डॉक्टर हे काही खरे डॉक्टर नव्हेत. गोठ्यागोठ्यावर जाऊन रेतन करायचं, एवढं त्यांचं काम. पहिली पाच वर्षं ते भेटेल त्याला सांगत, "मी डॉक्टर नाही हो." मग घरात बायकोनेही डॉक्टर म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

माझं झाकण उघडलं की मानेतून पांढरी वाफ निघते. ती वर जात नाही. काठावरून ओघळते, जमिनीवर पसरते आणि माणसांच्या पावलांवरून संथ वाहत जाते, जणू कुणी ढगाला घरात येऊ दिलंय. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "उकळतंय का?" उकळतच असतं. उणे एकशे शहाण्णव अंशांवर माझ्या पोटात अखंड उकळी असते, आणि त्या उकळीत वळू झोपलेले असतात. वीतभरही लांब नसलेली, गवताच्या काडीएवढी बारीक नळी, तिला आमच्यात कांडी म्हणतात. एका कांडीत एक अख्खा वळू मावतो. वळूला विचाराल तर तो हे मान्य करणार नाही.

किती वळू झोपवले मी. समुद्रापलीकडचे काळेपांढरे, थंड मुलखातले बदामी डोळ्यांचे, ज्यांना ऊन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं असे. कुणी मरून दहा वर्षं झालेला, कुणी अजून कुठेतरी कडबा खात असलेला. मोटरसायकल खड्ड्यातून गेली की सगळे एकदम कूस बदलत. आणि माझ्या पोटात कांड्यांचे जे सहा उभे डबे असतात त्यांतल्या सहाव्यात, सगळ्यांपासून वेगळा, दाजी.

दाजी हा मावशींचा वळू; मावशी म्हणजे टेकडीजवळच्या एका गोठ्याच्या मालकीण. मावशींच्या घरी टेकडीवरची जुनी गुरं असत. बुटकी, मातकट रंगाची, कानांच्या टोकाला काळी. दूध तांब्याभर, पण काटेरी झुडपावर जगतील आणि रणरणत्या उन्हात चढ चढून येतील. त्यांचा हा वळू कुणी काही बोललं की पाठ फिरवून उभा राही, जेवायला बोलावलं तरी येत नसे. लग्नघरात रुसलेला एखादा दाजी असतो ना, तसा. म्हणून त्याचं नाव दाजी.

एके वर्षी वरच्या कार्यालयातून एक गाडी आली. टेकडीवरच्या वळूंच्या कांड्या करायच्या, जात टिकवायची, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या मनात दुसरं काहीतरी आलं आणि गाडी पुन्हा दिसली नाही. दाजीच्या बऱ्याचशा कांड्या गाडीबरोबर गेल्या आणि कुठे विरल्या कुणास ठाऊक. बारा कांड्या आमच्या डॉक्टरांच्या वाट्याला आल्या. त्याच हिवाळ्यात दाजी पोट फुगून गेला.

बारांतल्या सात पहिल्या दोन वर्षांत वापरल्या. उरल्या पाच. डॉक्टरांनी त्या डबा क्रमांक सहामध्ये ठेवल्या आणि माझ्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं, "सहा नंबर – दाजी – हात लावू नये."

ते इतकं ठसठशीत लिहिलं की स्वतः त्यांनीही हात लावला नाही.

चूक झाली ती इथे. वाईट हेतूने कुणी काही केलं नाही. मावशींची एखादी गाय माजावर आली, म्हणजे फळायला तयार झाली, की डॉक्टर मला घेऊन जात. गोठ्याच्या दारात मला उतरवून ठेवत, आणि संवाद ठरलेला असे.

"दाजीची काढू का?"

"नको. ही गाय अंगाने बारीक आहे. चांगली गाय येऊ दे."

"तेही खरंच. पाचच आहेत."

पुढच्या वर्षी गाय चांगली असे, पण चारा कमी असे. त्याच्या पुढच्या वर्षी चारा असे, पण मावशींचे गुडघे धरलेले असत. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणून दुसऱ्या वळूची कांडी वापरली जाई, वासरू काळंपांढरं होई आणि सगळे म्हणत, दूध तरी वाढेल. अशी एकोणीस वर्षं गेली. की अठरा. माणसं वाईट दिवसासाठी काहीबाही जपून ठेवतात हे मी पुष्कळ पाहिलं. या दोघांनी चांगल्या दिवसासाठी ठेवलं, आणि चांगला दिवस काही केल्या त्यांना पुरेसा चांगला वाटेना.

त्या वर्षांत दाजी माझ्याशी बोलत असे. झाकण उघडलं की त्याचा झोपाळू आवाज येई, "बाहेर ऊन आहे का?"

"आहे," मी म्हणे.

"कातळ तापला असेल. सकाळी पोट टेकून बसावं असा एक कातळ आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथलं गवत आखूड असतं, पण गोड. वासरं तिथे पाय घसरून पडतात आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतात."

मग झाकण लागे, आणि तो पुन्हा झोपी जाई. मी ते गवत कधी पाहिलं नव्हतं. पण मोटरसायकलवर डुलत जाताना मला ते दिसायचं. आखूड, दव पडलेलं, आणि त्यातून कुणीतरी हळूहळू चालत चाललेलं.

दरम्यान बाहेरचं जग बदलत होतं. गाईंच्या कानांत पिवळे बिल्ले आले, प्रत्येकावर बारा आकडे. दूध बादलीतून नळीत गेलं, नळीतून थंड टाकीत. फक्त कालवडीच जन्माला घालणाऱ्या कांड्या आल्या. गोऱ्हे कुणाला नको झाले होते, तर जन्माआधीच त्यांना वाटेतून वळवण्याची सोय निघाली. वळूंना गुण मिळू लागले, दुधाचे वेगळे, खुरांचे वेगळे, स्वभावाचेही वेगळे. दाजीला स्वभावाचे किती मिळाले असते याचा मी विचार करत नसे.

मावशींचे जावई या सगळ्यात पुढे. लेक आणि जावई मावशींजवळच राहत. जुन्या गोठ्याला लागून त्यांनी चाळीस गाईंचा नवा गोठा बांधला होता. छताला मोठाले पंखे, खाली रबराच्या गाद्या, आणि प्रत्येक गाईच्या गळ्यात एक पट्टा. तो पट्टा गाय किती चालली, किती वेळ रवंथ केला, हे मोजून जावयांच्या फोनवर कळवी. फोन वाजला की जावई ताटावरून उठत.

"कोण आजारी आहे?" लेक विचारी.

"बावीस नंबर. काल सातशे पावलं कमी चालली."

"आणि मी काल किती चालले ते सांगतं का तुमचं यंत्र?" मावशी म्हणत. "जावईबापू, गाईकडे बघायला देवाने डोळे दिलेत. तुम्ही खिशात बघता."

"आई, चाळीस गाई आहेत. डोळे दोन."

"तुमच्या सासऱ्यांकडे साठ होत्या, आणि एक डोळा अधू होता."

यावर जावई हसत आणि पुन्हा जेवायला बसत. वादात हरण्याची त्यांना सवय होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती.

त्या साठ गाईंच्या वंशातली आता एकच उरली होती. जांभळी. तेरा वर्षांची, टेकडीवर तेव्हा उरलेल्या शेवटच्या वळूची लेक, दात झिजलेले, जुन्या गोठ्यात एकटी. तिच्यानंतर टेकडीवरच्या गुरांपैकी त्या घरात काही उरणार नव्हतं. आणि खरं तर आसपास कुठेच नाही. एक दिवस मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवताना पाठीचे मणके मोजले म्हणे. तशाच उठल्या आणि जावयांना घेऊन दवाखान्यात आल्या.

"डॉक्टर, पाचही काढा," त्या म्हणाल्या. "आता चांगलं-वाईट बघायचं नाही."

पण त्याच आठवड्यात दवाखान्यात नव्या मॅडम रुजू झाल्या होत्या. या खऱ्या डॉक्टर. तिशीच्या, हातात टॅबलेट, आणि एकही वस्तू हाताने स्पर्श करून खात्री केल्याशिवाय मोजायची नाही असा बाणा. त्यांनी माझी चिकटपट्टी वाचली.

"काका, हा वळू कुठे नोंदलाय?"

"झाकणावर," डॉक्टर म्हणाले.

"नंबर?"

"सहा."

"तो डब्याचा झाला. वळूचा?"

मावशी पुढे झाल्या. "त्याला नंबर नव्हता. हाक मारली की यायचा. म्हणजे यायचा नाही, पण ऐकायचा."

मॅडम हसल्या नाहीत, पण खुर्ची पुढे सरकवली. "मावशी, बसा. मी सांगते ते रागावून ऐकू नका. बिननंबरी कांडीत रोग आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. माझ्या आधीच्या ठिकाणी अशाच कांड्यांमुळे तीन गोठ्यांतल्या गाई गाभडल्या, पोटातली वासरं अर्ध्यातच गेली. त्यांतल्या एका बाईंना मी तोंड दाखवू शकत नाही अजून. बाकीचे वळू दवाखान्याच्या नव्या मोठ्या कॅनमध्ये गेले, पण या कांड्या मला तिथे ठेवता येणार नाहीत, आणि तपासल्याशिवाय वापरूही देता येणार नाहीत."

"मग तपासा."

"तपासायला एक कांडी फोडावी लागेल. थोडी सूक्ष्मदर्शकाखाली, बाकी प्रयोगशाळेत."

"पाचातली एक काचेवर ओतायची?"

"मेलेल्या पाच सांभाळण्यापेक्षा जिवंत चार बऱ्या," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या एकीतून वळूला नंबर मिळू शकतो. पण नंबर यायला चार महिने लागतील. तोवर हा कॅन टिकेल का, काका?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता हे मला सांगावं लागतंय, नाहीतर मी टाळलं असतं. माझ्या मानेभोवती पांढरं दंव धरलं होतं. चांगल्या कॅनला बाहेरून दंव धरत नाही. धरलं, याचा अर्थ माझ्या दोन भिंतींमध्ये कुठूनतरी केसाएवढी वाट झाली होती आणि हवा आत यायला लागली होती. इतकी वर्षं मी माझं काहीच नसणं सांभाळलं, आणि आता त्यात काहीतरी शिरत होतं. पूर्वी एकदा भरलेला नायट्रोजन तीन आठवडे पुरे. आता चार दिवस, आणि तेही कमी होत चाललेले.

"चार महिने नाही टिकणार," डॉक्टर हळूच म्हणाले.

जावयांनी तिथल्या तिथे फोन लावून नवा कॅन कधी मिळेल ते विचारलं. दोन महिने. मॅडमनी माझ्यावर हात ठेवला, पटकन काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे एकच माज. तोही गाईला आला तर."

एक कांडी काढली. कोमट पाण्यात धरली, टोक कापलं, थेंब काचेवर घेतला. मॅडम वाकून पाहू लागल्या. डॉक्टर एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या.

"झोपेतून उठतायत," मॅडम म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "शंभरातले तीस. कमी आहेत. एका वेळी दोन कांड्या लागतील. एकदा माज दिसल्यावर दोन, बारा तासांनी दोन." त्या बाजूला झाल्या. "मावशी, बघायचंय?"

मावशींनी डोळा लावला. काय दिसलं ते कुणालाच सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मेला अजून तोंड फिरवूनच पोहतोय."

बाराव्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. कसलाही रोग नाही. खाली एक ओळ होती की हा वळू त्यांच्या संग्रहातल्या कुठल्याच जातीशी पुरता जुळत नाही. मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली आणि नंबराचा अर्ज त्याच दिवशी पाठवला.

आता फक्त जांभळीने माजावर यायचं होतं. आणि जांभळी येत नव्हती. मावशी पाटावर बसून तिच्याकडे बघत राहत. सकाळी बघत, दुपारी भाकरी मांडीवर घेऊन बघत. तरण्या गाईला माज आला की ती हंबरते, दुसऱ्यांवर चढते, शेपटी उडवते. जांभळी रवंथ करत असे आणि मधूनच मावशींकडे असं बघे, की तुम्हालाच काही होतंय का.

"म्हाताऱ्या गाईला मुका माज असतो," जावई म्हणाले. "दाखवत नाही. आई, पट्टा बांधू?"

"नको."

"तीन दिवस बांधू."

"तिच्या गळ्यात आजवर दोरीशिवाय काही पडलं नाही."

"आई," जावई म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला नाही, "तुम्ही मागच्या खेपेलाही बघत बसला होता. तेव्हा येऊन गेला असेल."

मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायल्या. "सैल बांधा," त्या म्हणाल्या.

इकडे माझं चार दिवसांवरून दोन दिवसांवर आलं होतं. डॉक्टर रोज सकाळी मोठ्या कॅनमधून एक मग नायट्रोजन माझ्यात ओतत. मोठ्या कॅनचा नायट्रोजन बिननंबरी कांड्यांना देऊ नये, असा नियम आहे. नेमक्या त्या वेळी मॅडमना रोज खिडकीबाहेर काहीतरी दिसे आणि त्या तिकडे बघत उभ्या राहत. खिडकीबाहेर भिंत होती.

पट्टा बांधल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी जावयांचा फोन वाजला. ते ताटावरून उठले आणि तोंडातला घास तसाच घेऊन जुन्या गोठ्यात गेले.

"आई, जांभळी माजावर आहे."

"माझ्यासमोर उभी आहे. काही नाही झालेलं."

"सकाळपासून रवंथ निम्म्यावर आलाय. आणि जागच्या जागी चारशे पावलं चाललीये."

मावशींनी जांभळीकडे पाहिलं. जांभळीने एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मावशी गुडघे धरून उठल्या, मागे गेल्या, शेपटी बाजूला केली. माजाची खूण, काचेसारखी स्वच्छ चिकट बळस, लोंबत होती. त्यांनी एवढंच म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "आणि तुम्ही जेवून घ्या, जावईबापू."

त्या दिवशी माझ्या अंगावर, मानेपासून बुडापर्यंत, दंव होतं. सकाळी ओतलेला मग दुपारपर्यंत बोटभर उरला होता. डॉक्टरांनी लाकडी पट्टी आत घालून बाहेर काढली, हवेत हलवली. पट्टीवर पांढरी रेघ जिथे उमटते तिथवर पातळी. रेघ जवळजवळ टोकालाच होती. त्यांनी पुन्हा घातली. रेघ तीच. मोठ्या कॅनकडे गेले, तर तोही तळाला. नायट्रोजनची गाडी त्या दिवशी यायची ती वाटेत बंद पडली होती.

त्यांनी मला गोणपाटात गुंडाळलं आणि निघाले. तो रस्ता मला स्वप्नासारखा आठवतो. मोटरसायकल चालत होती, पण आवाज येत नव्हता. माझ्या मानेतून वाफेची दोरी मागे लांबत चालली होती, झाडांच्या सावल्यांत अडकत होती, सुटत होती. आत दाजी म्हणाला, "उबदार वाटतंय."

"उठू नकोस," मी म्हणालो. "अजून नाही."

"ओढ्याचा आवाज येतोय."

"तो रस्ता आहे. झोप."

आणि मी श्वास धरला. तो सबंध चढ मी श्वास धरून राहिलो. भिंतींमध्ये शिरलेली सगळी हवा एका कोपऱ्यात दाबून धरली आणि उरलेल्या पोकळीने त्या बोटभर थंडीला कवटाळलं. खोटं वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा. गोठ्यात पट्टी घातली तेव्हाही रेघ तिथेच होती.

मॅडमही आल्या होत्या. कोमट पाणी तयार, त्यात तापमापी. डॉक्टरांनी दोन कांड्या काढल्या. अर्धा मिनिट घड्याळाकडे बघत धरल्या. जांभळीने रवंथ थांबवला होता. मग डॉक्टरांनी काम केलं. आयुष्यात हजारो वेळा केलेलं, पण या खेपेला त्यांची जीभ दातांत धरलेली होती.

उरलेल्या दोन कांड्यांसाठी बर्फ कामाचा नाही, फ्रीज कामाचा नाही. मॅडमनी गाडीच्या चालकाला फोनवर काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी दुरुस्त झालेली गाडी दवाखान्याकडे न वळता थेट गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली, आणि माझं पोट गळ्यापर्यंत भरलं. सकाळी शेवटच्या दोन कांड्या काढल्या, तेव्हा मी रिकामा होतो. पोटाने नव्हे, वळूंनी.

मग एकवीस दिवस. गाय गाभण राहिली नसेल तर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. विसाव्या दिवशी जावयांचा फोन गव्हाणीच्या कडेला उभा करून ठेवला होता, आणि त्याच्यासमोर मावशी बसल्या होत्या. एकविसावा गेला. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी फोन वाजला, आणि सगळे उभे राहिले. बावीस नंबरची गाय सातशे पावलं कमी चालली होती.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून तपासलं. हात आत, नजर छताकडे. "काय?" मावशींनी विचारलं. "अहो, काय?" डॉक्टरांनी हात काढला, मान हलवली, आणि रडू लागले. गाभण होती.

मला दवाखान्याने यादीतून काढलं. भंगारात जायचा होतो. मावशींनी मॅडमकडून मागून घेतलं. मानेवर गोणपाटाची गादी बांधली, आणि आता त्या माझ्यावर बसून धार काढतात. पाटापेक्षा उंच, गुडघ्यांना सोपं. जांभळीला कालवड झाली. मातकट रंगाची, कानांच्या टोकाला काळी. चार महिने म्हणता म्हणता लांबलेला दाजीचा नंबर त्याच्या आधी आठवडाभर आला होता, बारा आकडी. मॅडमनी तो कालवडीच्या नावापुढे बापाच्या रकान्यात भरला आणि म्हणाल्या की एखादं वर्ष गेलं की हिचे गर्भ काढून जावयांच्या काळ्यापांढऱ्या गाईंच्या पोटात वाढवता येतील; एकीची दहा होतील. मावशींनी विचार केला आणि म्हणाल्या, "वाट बघत बसू नका. लगेच करा."

माझीही तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. कुठे चिकटपट्टीवर "हात लावू नये" लिहिलेलं असेल, तर लावून बघा.

आता कबुली. शपथ घेतली होती, तेव्हा फेडायला हवी. डॉक्टर रडले नाहीत. त्यांनी हात धुतला आणि चहा मागितला. मी श्वास धरला ही थाप आहे, मला श्वास नाही. पट्टीवरची रेघ तिथेच होती, कारण गोणपाट चांगला होता. पण ही किरकोळ फुलं झाली. मोठी थाप एकच. दाजी माझ्याशी कधी बोलला नाही.

उणे एकशे शहाण्णव अंशांत कोण बोलणार? इतकी वर्षं माझ्या पोटात नुसती शांतता होती. तापलेला कातळ, ओढ्यावरचं आखूड गोड गवत, पाय घसरून पडणारी आणि इकडेतिकडे बघणारी वासरं, हे सगळं मी इथे आल्यावर ऐकलं. धार काढताना मावशी ते कालवडीला सांगतात. रोज थोडं थोडं, बाप कसा होता आणि कुठे चरायचा ते. मी खाली दबलेला ऐकत असतो. त्यातलं मी उचललं आणि झोपलेल्या दाजीच्या तोंडी घातलं. एवढी वर्षं ज्याला सांभाळलं त्याच्याशी एक शब्दही झाला नाही, असं तुम्हाला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

कालवड मात्र खरी आहे. आत्ता माझं बूड चाटतेय, आणि जीभ खरखरीत आहे.